क्षय की क्रोन्स? माझे अकरा महिने

सिस्टरनं माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुई टोचली. मसुरीएवढा फुगा आला. त्याच्याभोवती तिनं निळ्या बॉलपेननं गोल काढला आणि म्हणाली, "त्रण दिवस पछी आवजो, बेन. खाजवायचं मात्र नाही हं." आमच्या बडोद्यात असंच बोलतात, एका वाक्यात दोन भाषा.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो गोल पुसट झाला होता आणि आतला भाग लाल, टणक झाला होता. तिनं पारदर्शक पट्टी लावली. १४ मिलिमीटर. दहाच्या वर गेलं की पॉझिटिव्ह म्हणतात. हा जून २०१९. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, टीबी.

त्या फुग्यात नेमकं काय होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. क्षयाच्या जंतूंपासून काढलेली, शुद्ध केलेली प्रथिनं होती ती. जिवंत जंतू एकही नाही. शरीराला विचारलेला तो एक प्रश्न होता: यांना ओळखतोस का? माझं शरीर हो म्हणालं. भारतात कोट्यवधी धडधाकट माणसांची शरीरं या प्रश्नाला हो म्हणतात, कारण हा जंतू कधी ना कधी श्वासातून आत येऊन गेलेला असतो. ओळख असणं वेगळं आणि आजार असणं वेगळं. एवढी साधी गोष्ट मला नीट समजायला पुढचं अर्धं वर्ष लागलं.

माझं सासर दांडिया बाजारात. नोकरी दुधाच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत, तेव्हा सतरा वर्षं झाली होती. टँकर आला की नमुना घ्यायचा, मिथिलीन ब्लू घालून रंग किती वेळात उडतो ते पाहायचं, प्लेटा घालायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांवर उगवलेल्या जिवाणूंच्या कॉलनी, म्हणजे ठिपके, मोजायच्या. कोलिफॉर्मच्या, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंच्या, प्लेटवर गडद लाल-जांभळे ठिपके येतात आणि प्रत्येकाभोवती धुरकट कडं असतं. पाश्चराइज केलेल्या दुधात ते दिसले की आमच्याकडे धावपळ सुरू होते: कुठला पाइप, कुठला व्हॉल्व्ह, कोणी हात धुतले नाहीत. म्हणजे पोटातल्या जिवाणूंशी माझा रोजचा संबंध, पण तो शत्रूशी असावा तसा. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे माझा सगळ्यात मोठा गोंधळ तिथूनच झाला.

दुखणं सुरू झालं ते त्या वर्षीच्या उत्तरायणानंतर. गच्चीवर दिवसभर पतंग, दुपारी उंधियू आणि जिलबी. रात्री उजव्या बाजूला बेंबीच्या खाली पीळ पडल्यासारखं दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "तेलकट बाधलं." आईचा फोन आला, "बाहेरचं खाणं कमी कर." ह्यांनी ओवा-सैंधव दिलं. सगळ्यांचं प्रेम खरं होतं आणि सगळ्यांच्या बोलण्यात एक आरोपही होता, की हे तू ओढवून घेतलंस. मी मूग गिळून ऐकत होते. मग जेवणानंतर तासाभरानं रोजच दुखायला लागलं. संध्याकाळी अंगात कसकस. दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच. जंतांच्या गोळ्या झाल्या, पित्ताच्या झाल्या, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मार्चमध्ये ५८ किलो असलेली मी जूनमध्ये ४६ वर आले. ऑफिसच्या ॲप्रनचा पट्टा दोनदा गुंडाळावा लागायचा.

सोनोग्राफीत लहान आतड्याचं शेवटचं टोक जाड झालेलं दिसलं. लहान आतडं मोठ्याला मिळतं तो सांधा. डॉक्टर म्हणाले, इथे सूज दिसली की आपल्या देशात आधी क्षयाचा विचार करावा लागतो, मग क्रोन्सचा. क्रोन्स हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलमधल्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये आतड्याच्या याच टोकाच्या आजाराचं वर्णन छापलं, म्हणून ते नाव.

कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून बघण्याबद्दल, लोक घाबरवतात. खरा त्रास आदल्या दिवशीचा. दोन लिटर पाण्यात ती लिंबाच्या वासाची पावडर कालवायची आणि दर पंधरा मिनिटांनी ग्लासभर प्यायचं. गोड-खारट, तेलकट चव. सहाव्या ग्लासाला मी रडले. तपासणी मात्र झोपेच्या इंजेक्शनमुळे आठवतसुद्धा नाही. हातात आले ते चार रंगीत फोटो. गुलाबी ओलसर भिंत आणि तिच्यावर पांढुरके खड्डे. डॉक्टरांनी पेनच्या टोकानं दाखवलं. क्षयाचे व्रण बहुधा आडवे असतात, आतड्याला कमरपट्टा बांधावा तसे. क्रोन्सचे उभे, लांबट, भेगा पडाव्यात तसे. "आणि माझे?" मी विचारलं. ते थोडा वेळ फोटोकडे बघत राहिले. "एक आडवा वाटतो. दोन उभे."

बायोप्सीत, म्हणजे आतड्याच्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, क्षयाचे जंतू दिसले नाहीत. पेशींच्या छोट्या गाठी, ज्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात, त्या होत्या, पण मध्ये चीज कुस्करल्यासारखा जो मृत भाग क्षयात असतो तो नव्हता. त्यामुळे एकही दार बंद झालं नाही, कारण आतड्याच्या क्षयात जंतू सापडतातच असं नाही आणि कल्चरमध्येही अनेकदा काही उगवत नाही. दोन्ही आजार एकमेकांचे जुळे भाऊ. आणि उपचार अगदी उलटे: क्षयाला अँटिबायोटिक, क्रोन्सला प्रतिकारशक्ती खाली आणणारी औषधं. क्षय असताना चुकून स्टेरॉइड दिलं तर क्षय अंगभर पसरू शकतो. म्हणून आधी क्षयाचे उपचार करून पाहायचे आणि व्रण भरतात का ते बघायचं, असं ठरलं. हातावरच्या त्या १४ मिलिमीटरचं वजन त्या दिवशी फार पडलं, असं मला अजून वाटतं.

१ जुलैपासून गोळ्या सुरू. माझ्या वजनाला रोज सकाळी उपाशीपोटी तीन. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, नंतरचे चार महिने तीन. लघवी नारिंगी झाली, घामाचे डागसुद्धा. क्षय सरकारला कळवावा लागतो, तेव्हा नि-क्षय पोर्टलवर माझं नाव चढलं आणि महिन्याला ५०० रुपये पोषणाहारासाठी बँकेत यायला लागले. घरी सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं केलं. पोटाचा क्षय असा शेजारी बसून लागत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, तरी आठवडाभर ताट वेगळंच राहिलं. मग एके दिवशी त्यांनीच ते बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं, न बोलता.

दुसऱ्या महिन्यात मला बरं वाटायला लागलं. ताप गेला, वजन दोन किलोनं वाढलं. गणपतीत मी पाच दिवस आरतीला उभी राहिले. सप्टेंबरअखेर पुन्हा कोलोनोस्कोपी करायची होती आणि ती मी केली नाही. बरं वाटतंय, मग पुन्हा ते दोन लिटर कशाला, असं मी म्हटलं. नवरात्र तोंडावर होतं. डॉक्टरांनीही फारसं लावून धरलं नाही. ही चूक मी मोकळेपणानं सांगते, कारण तिची किंमत मोजावी लागली. क्षयाच्या औषधांनी क्रोन्सच्या रुग्णांनाही काही काळ बरं वाटतं. मला कसं वाटतंय यावरून काही ठरत नाही. आतला व्रण भरला का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. तीन महिन्यांनी त्या भिंतीकडे बघायला हवं होतं. आम्ही बघितलं नाही.

दिवाळीच्या आदल्या रात्री फराळाच्या चकल्या तळता तळता पोट फुगलं. उलट्या थांबेनात. पहाटे तीनला दवाखान्यात नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. आतडं सुजून इतकं अरुंद झालं होतं की पुढे काही सरकतच नव्हतं. ऑपरेशनची वेळ आली नाही, पण तीन दिवस पाण्याचा थेंबही नाही. खिडकीतून फटाके दिसत होते. ह्यांनी घरून अभ्यंगाचं तेल आणलं होतं, ते नुसतं माझ्या तळपायाला लावलं.

त्या दवाखान्यातून सांगितलं गेलं की क्षयाची औषधं आणखी तीन महिने वाढवू. मला ते पटलं नाही आणि आम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. या बाईंनी आधीचे सगळे कागद टेबलावर मांडले, अर्धा तास वाचले आणि म्हणाल्या, "औषधं वाढवायच्या आधी बघू तर या." नोव्हेंबरात दुसरी कोलोनोस्कोपी झाली. आडवा वाटलेला व्रण तसाच होता. उभे दोन होते ते पाच झाले होते, आणि मधली भिंत फरसबंदी रस्त्यासारखी उंचसखल झाली होती. साडेचार महिने नेमानं गोळ्या घेऊनही.

त्याच सुमारास रक्ताची एक तपासणी मुंबईला पाठवली गेली होती, पाव फुगवायच्या यीस्टविरुद्ध रक्तात अँटीबॉडी आहेत का ते पाहणारी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी नेटवर वाचलं होतं की ही क्रोन्समध्ये सापडते, तेव्हा कागद घेऊन जवळजवळ धावतच गेले. डॉक्टरबाईंनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. "यावर मी निर्णय देणार नाही," म्हणाल्या. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००७ मध्येच दाखवलं होतं की आपल्याकडे ही अँटीबॉडी आतड्याच्या क्षयातही सापडते आणि दोघांत फरक करायला उपयोगी पडत नाही. "मग ही तयार कशाला होते?" मी विचारलं. "भिंतीला भोकं पडली आहेत म्हणून," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे समजावलं, त्यावर मी पुढची कित्येक वर्षं वाचत राहिले. माझ्या शब्दांत सांगते.

माणसाच्या अंगात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. त्यांच्यात आणि आपल्या रक्तात पेशींचा फक्त एक थर, एका पेशीच्या जाडीचा, आणि त्यावर चिकट द्रवाचं आवरण. आतड्याच्या भिंतीतल्या पेशी दिवसाला काही ग्रॅम अँटीबॉडी त्या पोकळीत सोडतात. कोणाला मारायला म्हणून नव्हे, सगळ्यांना आपापल्या जागी ठेवायला. चाळीत शंभर बिऱ्हाडं असतात आणि जिन्यात कोणाचं सामान येऊ द्यायचं नाही एवढाच नियम असतो, तसं. निरोगी माणसाचं शरीर या बिऱ्हाडांना ओळखतं आणि चालवून घेतं. क्रोन्समध्ये हे चालवून घेणं मोडतं. जिवाणूंची प्रथिनं भिंतीच्या आत येतात, प्रतिकारशक्तीच्या टी पेशी त्यांना शत्रू ठरवतात, रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, आणि या चकमकीत पडझड होते ती भिंतीचीच. भिंत पडली की आणखी प्रथिनं आत. हे चाक थांबत नाही.

माझ्यासारख्या रोज प्लेटा मोजणाऱ्या बाईला हे पचायला जड गेलं. मी समजत होते की कुठून तरी घाण आत गेली. उंधियूतून, टँकरमधून, माझ्याच हातातून. किंवा लोक म्हणतात तसं, शरीर स्वतःवरच उलटलं. दोन्ही पुरतं खरं नव्हतं. भांडण लहानपणापासून पोटात राहणाऱ्या भाडेकऱ्यांशी होतं.

याचे पुरावे मला फार पटले. ज्या उंदरांमध्ये सूज आवरणारं इंटरल्यूकिन-१० बनतच नाही, त्यांना आतड्याची सूज होते; पण त्याच उंदरांना जन्मापासून जिवाणूविरहित पेटीत वाढवलं तर होत नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये दाखवलं की क्रोन्सचा भाग कापल्यावर पुढच्या आतड्यातून शौच जाऊ दिला नाही तर तिथे आजार परतत नाही, आणि प्रवाह पुन्हा जोडला की परततो. आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सूज असलेल्या उंदरांच्या रक्तातल्या अँटीबॉडी कोणत्या जिवाणू-प्रथिनांना चिकटतात हे शोधलं. पुन्हा पुन्हा हाती आलं ते फ्लॅजेलिन. जिवाणू ज्या बारीक शेपटीनं पोहतो ती या प्रथिनाच्या हजारो तुकड्यांची वळलेली असते, दोर वळावा तशी. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर हे प्रथिन ओळखायला एक खास रिसेप्टर आहे. मग त्यांनी माणसांचं रक्त तपासलं, तर त्यातल्या एका फ्लॅजेलिनविरुद्ध क्रोन्सच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये अँटीबॉडी सापडल्या. निम्म्या. म्हणजे नसल्या तर आजार नाही, असं म्हणता येत नाही. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला का ठेवला, ते मला तेव्हा कळलं.

एक भीती मात्र मी त्यांना विचारायला लाजत होते. गाईम्हशींना जोन्स नावाचा आतड्याचा आजार होतो, क्षयाच्या जंतूच्या एका नातेवाइकामुळे. आमच्या धंद्यात तो सगळ्यांना ठाऊक आहे. डॅलझेल नावाच्या स्कॉटिश सर्जननं १९१३ मध्येच, म्हणजे क्रोनच्या आधी, माणसांमधल्या अशा केसेस लिहून गुरांच्या आजाराशी साम्य दाखवलं होतं. हे वाचल्यावर मला झोप लागेना. सतरा वर्षं कच्च्या दुधाचे नमुने हाताळतेय, त्यातूनच तर नाही ना? डॉक्टरबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, वाद जुना आहे, काही रुग्णांच्या आतड्यात तो जंतू सापडतोही, पण तोच कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात त्याच्यावर दोन वर्षं तीन अँटिबायोटिक देऊन पाहिली, टिकणारा फायदा दिसला नाही. "नोकरी सोडू नका," एवढंच ठामपणे म्हणाल्या.

डिसेंबरात निदान लिहून मिळालं: क्रोन्स. क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी डिसेंबरअखेर पूर्णच करायला लावला आणि जानेवारीत स्टेरॉइड सुरू केलं. आठ दिवसांत मी वरणभात, तूप, वर लोणच्याचा खार, असं पोटभर जेवले. चेहरा चंद्रासारखा गोल झाला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाग, पण दुखणं नाही. हळूहळू स्टेरॉइड उतरवत ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीवर आणलं. त्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी सारख्या तपासाव्या लागतात. लॉकडाउनमध्ये सुरसागरच्या काठानं रिकाम्या रस्त्यावरून मी रक्त द्यायला जायचे. तिथल्या पाण्यातल्या शंकराच्या मूर्तीकडे तेव्हा जेवढं बघितलं तेवढं जन्मात बघितलं नव्हतं.

२०२१ मध्ये दुखणं परतलं आणि इन्फ्लिक्सिमॅबचा विषय निघाला. हे औषध स्वतःच एक अँटीबॉडी आहे. सूज भडकवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला ते धरून ठेवतं. पण तेच टीएनएफ झोपलेल्या क्षयाला गाठींत कोंडून ठेवायचं कामही करतं. म्हणून ते देण्याआधी पुन्हा क्षयाची चौकशी. या वेळी हातावर फुगा नाही, रक्ताच्या चार छोट्या नळ्या. दोन नळ्यांत क्षयाच्या जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे आधीच लावलेले असतात. क्षयाविरुद्धच्या बीसीजी लशीत ती प्रथिनं नसतात, त्यामुळे लहानपणच्या लशीमुळे उत्तर चुकत नाही. रक्त रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं आणि टी पेशींनी इंटरफेरॉन हे इशाऱ्याचं प्रथिन किती सोडलं ते मोजायचं. ३७ अंश म्हटल्यावर मला आमचाच इन्क्युबेटर आठवला. नमुना दुधाचा असो की माझा, उबेत ठेवून वाटच बघायची.

पुन्हा पॉझिटिव्ह. या वेळी मी हादरले नाही. ओळख आहे, एवढंच ते सांगत होतं. छातीचा फोटो स्वच्छ होता, सहा महिन्यांचा कोर्स झालेला होता, आणि सगळं जमेस धरून डॉक्टरबाईंनी औषध सुरू केलं. पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा, सहाव्या आठवड्यात तिसरा, मग दर आठ आठवड्यांनी. सकाळी जायचं, दोन तास सलाइनशेजारी पडून राहायचं, दुपारी कामावर. मध्ये मध्ये शौचाची डबी कुरिअरनं पाठवायची. पांढऱ्या पेशींमधलं कॅलप्रोटेक्टिन त्यात किती उतरलंय यावरून आत सूज किती ते कळतं. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असलं की छान. माझं ११४० होतं, वर्षभरात ८६ वर आलं. ती डबी भरायची मला आता लाज वाटत नाही. वाटायची, खूप.

२०२३ मध्ये न्यू जर्सीहून भावाचा फोन आला. भाचा सतरा वर्षांचा, पोटदुखी, वजन उतरलेलं. घरात एकाला क्रोन्स असला की जवळच्या रक्ताच्या माणसांना होण्याची शक्यता वाढते, हे मला माहीत होतं आणि तरी फोन ठेवल्यावर मी देवघरासमोर जाऊन बसले. तिकडे क्षयाचा गुंता नाही, त्यामुळे तीन आठवड्यांत निदान झालं. त्याच्या रिपोर्टमध्ये अँटीबॉडींची लांबलचक यादी होती. माझ्या वेळी फक्त यीस्टची होती. याच्यात फ्लॅजेलिनविरुद्धची होती, आणि आणखी एक होती ओम्प-सीविरुद्ध. ओम्प-सी म्हणजे ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन, पोषण आत घेणारी बारीक नळीच म्हणा. ई. कोलाय. माझ्या प्लेटवरचा.

त्यानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आत्या, हे सगळं माझ्या रक्तात कधीपासून होतं?" मी खरं ते सांगितलं. इस्रायलच्या सैन्यानं जवानांचं रक्त साठवून ठेवलं होतं. पुढे ज्यांना क्रोन्स झाला त्यांचं जुनं रक्त काढून पाहिलं तर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या जवानांत यीस्टविरुद्धच्या अँटीबॉडी आजार कळायच्या आधीच होत्या, सरासरी तीन वर्षं आधी. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मागच्या समरला मी खूप पिझ्झा खाल्ला, त्यानं नाही झालं?" ओवा-सैंधव, उंधियू, आईचा फोन, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. "नाही रे बाळा," मी म्हटलं, "पिझ्झ्यानं नाही." वहिनी मागे उभी होती. तिनं डोळे पुसले.

मागच्या डिसेंबरात तो बडोद्याला आला होता. तब्येत छान आहे, माझ्यासारखंच ठरलेल्या दिवशी इंजेक्शन घेतो. साहेबांची परवानगी काढून मी त्याला प्रयोगशाळा दाखवली. ॲप्रन, टोपी, हात धुणं, सगळं करून. आदल्या दिवशीच्या कच्च्या दुधाची, हजारपट पातळ केलेली एक प्लेट मी इन्क्युबेटरमधून काढली आणि दिव्याच्या काचेवर ठेवली. गडद लाल ठिपके, भोवती धुरकट कडी.

"हेच का ते?"

"त्यांच्यातलेच."

"माझ्या पोटात पण आहेत?"

"सगळ्यांच्याच असतात. साहेबांच्यासुद्धा."

तो वाकून किती तरी वेळ बघत राहिला. मी त्याच्या हातात मार्कर दिला आणि मोजायचं कसं ते सांगितलं: प्लेटच्या पाठीवर प्रत्येक ठिपक्याखाली खूण करायची, म्हणजे एक दोनदा मोजला जात नाही. तो जीभ दातांत धरून एकेक खूण करत गेला.

"नऊ," तो म्हणाला.

मी प्लेट फिरवून पुन्हा मोजले. नऊच होते. रजिस्टरात आकडा लिहिला.